दोन मुठींची पेटी

ट्यूबाचं, त्या भल्यामोठ्या फुंकवाद्याचं, रुंद पितळी तोंड पेटीच्या भिंतीला टेकतंय का, हे पाहायला धाकटीने फटीत बोटं घातली. दोन बोटं गेली, तिसरं अडलं.

"मापात बसलाय," दुकानदार म्हणाला. "अस्सल लाकूड, कडांना पत्रा, आठ खटके. वर हत्ती उभा केलात तरी हूं की चूं करणार नाही."

दोघांनी मिळून पेटी वजनकाट्यावर चढवली. काटा एकतीसवर थांबला. बत्तीसच्या पुढे विमानवाले हात लावत नाहीत, म्हणजे एक किलो राखून झालं. परवा सकाळचं विमान होतं आणि तेरवा वाद्यवृंदात निवड होण्यासाठी वादनाची परीक्षा. दोन वर्षांपूर्वी याच परीक्षेला ती गेली होती. तिकडे उतरून पेटी उघडली तेव्हा ट्यूबाचं तोंड पिळलेल्या फडक्यासारखं मुडपलेलं होतं आणि स्वर बदलायचे तिन्ही व्हॉल्व जाम. न वाजवताच ती परत आली. यंदा पुन्हा बोलावणं आलं होतं. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडली जाणार होती. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यावं, तशी ती सकाळपासून हे तिसरं दुकान पालथं घालत होती.

"हीच द्या," ती म्हणाली.

"ती नको."

तिने मान वळवली नाही. आवाज ओळखायला मान वळवावी लागत नव्हती. दारात दादा उभा होता. अंगात विमानतळावरचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट तसंच. तो तिथे सामान चढवायचा. बावीस वर्षं विमानांच्या पोटात गुडघ्यांवर सरपटत गेली होती.

"तुला कोणी सांगितलं मी इथे आहे ते?"

"तुझ्या वहिनीने."

वहिनीच्या पोटात काही राहत नसे. धाकटीने तोंड मिटलं. गेली दोन वर्षं दादाशी तिचं बोलणं 'हो' आणि 'नाही' यांच्या पलीकडे गेलं नव्हतं.

दादाने लाकडी पेटीभोवती एक फेरी मारली. मग दुकानदाराला विचारलं, "हिला मुठी किती?"

"एक. मधोमध. चांगली जाड आहे."

"एकतीस किलो आणि एक मूठ." दादा बहिणीकडे न बघता बोलत राहिला. "असली पेटी कोणी उचलत नाही, तायडे. कलंडवतात आणि ढकलतात. पाठीचा सगळ्यांनाच प्रश्न असतो. वर 'नाजूक' लिही नाहीतर देवाचं नाव लिही, घाईत कोण वाचतंय. जड वस्तू पडतेही जडच."

"अहो, तुम्ही माझं गिऱ्हाईक मोडताय," दुकानदार हसत म्हणाला, पण त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"ती वरची काढा. राखाडी."

राखाडी पेटी फायबरची होती. दोन्ही टोकांना एकेक मूठ. आत तोंडाच्या गोलाईभोवती फोमचं जाड कडं. काठ कुठेच टेकू नये असं. दादाने हाताने फोम दाबून पाहिला, खटके चारचार वेळा उघडले, मिटले. धाकटीने ट्यूबा उचलून आत ठेवला. काटा एकवीसवर आला.

"आता पाडून बघू," दादा म्हणाला.

"रिकामी?"

"रिकामी पेटी काय सांगणार? आत वाद्य हललं की संपलं. गुडघ्याएवढ्या उंचीवरून. दे माझ्याकडे."

तिने दोन्ही हात झाकणावर ठेवले. तांबटाने ठोकून ठोकून तोंड सरळ केलं होतं, त्याला आठ महिने लागले होते. त्यावर राहिलेला एकेक पोचा तिला डोळे मिटून सांगता आला असता.

"तुझ्याकडे देऊ?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या दिवशीही दिलाच होता. 'मी आहे ना, माझ्याच हातून विमानात चढणार, तू निर्धास्त जा' म्हणालास. आणि ऐनवेळी पाळी बदलून घरी बसलास. तिथे नव्हतास तू, दादा. आज कशाला आलास?"

दुकानदार काहीतरी शोधायला मागच्या खोलीत गेला.

दादाने जाकिटाची चेन वर केली, खाली केली.

"होतो," तो म्हणाला.

"काय?"

"पाळी बदलली नव्हती. तिथेच होतो." तो राखाडी पेटीच्या मुठीकडे बघत होता. "पेटी सरकत्या पट्ट्यावरून आली तशी मी सगळ्यांना बाजूला केलं. म्हटलं, माझ्या बहिणीची आहे, कोणी हात लावायचा नाही. जोडीदार म्हणाला, दोघं धरू. मी म्हटलं, नको. ती तुमच्या बँडची जुनी पेटी, मूठ तुटलेली. खटक्याला धरून उचलली. वर विमानाच्या दारापर्यंत नेली. खटका हातात राहिला आणि पेटी खाली गेली."

बाहेर एक मालट्रक मागे येताना पींपीं करत राहिला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू उतरल्यावर फोन केलास. रडत होतीस. 'तू असतास तर असं झालं नसतं' म्हणालीस." त्याने खांदे उडवल्यासारखं केलं, पण ते जमलं नाही. "मग म्हटलं, राहू दे तसंच. पाळी बदलली होती असं सांगून टाकलं."

धाकटी पेटीपाशी गुडघ्यांवर बसली. दोन वर्षं तिने ज्या गोष्टीचा राग धरला होता, ती घडलीच नव्हती. जी घडली होती तिचा राग कसा धरायचा, ते तिला कळेना.

तिने चारही खटके लावले. ओढून पाहिले. मग उठून एका टोकाची मूठ धरली.

"ती बाजू धर."

त्याने धरली. पेटी फरशीवरून उठली, गुडघ्यांपाशी आली. दादाच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"मी तीन म्हटलं की सोड," ती म्हणाली. "आधी नाही."

तिने तीन म्हटलं. धाडकन आवाज झाला तसा दुकानदार पडद्याआडून डोकावला. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खटके तिनेच उघडले, ट्यूबा मांडीवर घेतला, तिन्ही व्हॉल्व दाबून पाहिले आणि सर्वांत खालचा स्वर लावला. काचेच्या कपाटाची दारं थरथरली. स्वर शेवटपर्यंत सरळ गेला.

"ही बांधून द्या," ती दुकानदाराला म्हणाली. मग फडक्याने मुखनळी पुसत, दादाकडे न बघता तिने विचारलं, "परवा पाळी कुठली?"

"सकाळची." तो अजून भिंतीकडेच बघत होता. "तुला नको असेल तर रजा टाकतो."

"रजा नको टाकू," ती म्हणाली. "पण एकट्याने उचलू नकोस."