दोनदा उघडलेली बेडी

"हात तोडले पाह्यजे अशायचे! कोर्ट-फिर्ट काई नाई, भर चौकात!"

मी तावातावानं बोलत होतो आणि कोलू चहावाला मान डोलवत होता. त्याच्या टपरीतला स्टोव्ह कोणीतरी उचलून नेला होता. तसं पाहिलं तर चोर नसते तर कुलपं कोणी घेतली असती, आणि मी, गुलाम रसूल चावीवाला, सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर पेटी मांडून बसलो असतो कशाला? पण उन्हाळ्यात चाव्या घासायच्या माझ्याच कानशी चोरीला गेल्या, तेव्हापासून चोर म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

तेवढ्यात माधवी सिस्टर धावतच आल्या.

"गुलामभाऊ, पेटी घ्या अन् चला. बेडी उघडाची हाये."

"कोनाची?"

"चला म्हनते ना! पेशंटले नागपूरले न्याचं हाये. गाडी उभी हाये, अन् चावी गेली भद्रावतीले!"

जाता जाता त्यांनी सांगितलं. श्रावण नावाचा कैदी तापानं फणफणला म्हणून जेलातून आणलेला. पहाऱ्यावरच्या शिपायाची ड्युटी सकाळी संपली. त्यानं कैद्याचा एक हात खाटेच्या दांडीला अडकवला होता, तो तसाच ठेवला, आणि चावी खिशात विसरून एसटीनं घर गाठलं. मला हसू आलं. म्हटलं, वा रे वा, पोलिसांचं कुलूप आणि चावीवाल्यानं उघडायचं!

वॉर्डात शिरलो आणि हसू जागच्या जागी मेलं.

पंचविशीतला माणूस. मलेरिया मेंदूत चढलेला. झटका आला की सगळं अंग उडायचं, आणि तो एक हात बेडीत अडकून पिळवटायचा. मनगटाची साल निघून लाल मांस दिसत होतं. या अल्लाह! आत्ता मी टपरीवर हात तोडायच्या गोष्टी करत होतो. हा तर अर्धा तुटलेलाच होता.

"हात नोको लावू!" बदलीवर आलेला डोमा शिपाई आडवा आला. "साहेबाची परमिशन नाई. मांगच्या साली एक पळाला तं शिपाई सस्पेंड झाला. माह्ये लेकरं तू पोसशीन का?"

"हा पळन?" सिस्टर ओरडल्या. "याले कूस बदलता येत नाई, डोमाभाऊ! साहेबाले फोन तरी करा."

"केला ना बाई. कवाचा डेड हाये फोन."

"यानं केलं काय?" मी विचारलं.

"सागवान. कापनारे पळाले, हा बैलगाडीपाशी सापडला. जमानत द्याले मायपाशी काई नाई. दोन दिवाळ्या जेलात गेल्या, केस अजून उभीच नाई राह्यली."

म्हणजे सजा झालेलीच नव्हती! मी डोमाकडे पाहिलं. त्याचा सदरा घामानं भिजला होता. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. शेवटी त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मी काई पाह्यलं नाई," तो म्हणाला.

मी तार वाकवली. श्रावणचे झटके थांबले होते, त्यामुळे काम सोपं गेलं. बेडी खटकन उघडली.

"काढ बापू हात. सुटला तू."

त्यानं हात काढला नाही. उघड्या बेडीत तसाच ठेवला. सवय झाली असेल, असं मला वाटलं. मीच तो उचलून त्याच्या छातीवर ठेवला. सिस्टरनी नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारली, छाती दाबली, पुन्हा दाबली. मग थांबल्या.

मी तिथंच फरशीवर बसलो.

डोमा वळला. त्यानं खाटेकडे पाहिलं.

"गुलामभाऊ, परत लाव."

"काय?"

"बेडी. हुकूम नसतांना उघडली अन् मेला, असं निंगालं तं मी गेलो. साहेब येईपर्यंत तं लाव."

"अबे, मेला तो!"

"मेला तरी कैदीच हाये."

माझा कानांवर विश्वास बसेना. "मी कुलपं उघडतो, डोमा. मुर्दा बांधाचं काम माहं नाई."

पण बेडी लावायला चावी लागत नाही. डोमानं स्वतःच तो हात दांडीपाशी ओढला आणि बेडी दाबली. सिस्टर भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मी उठून त्याला का अडवलं नाही, खुदा जाणे.

श्रावणची आई, ठमाबाई, नळावर पाणी भरायला गेली होती. ती गडू घेऊन आली. एका नजरेत तिला कळलं. तिनं गडू खाली ठेवला आणि लेकाचे दोन्ही हात छातीवर जुळवायला घेतले. एक आला. दुसरा साखळीपर्यंत आला आणि अडला. तिनं पुन्हा ओढला.

"हात दे ना, बाबू," ती म्हणाली.

मग तिला माझी पेटी दिसली.

"भाऊ, तुमी चावीवाले ना? सोडा ना याचा हात. आता तं झाली ना याची सजा?"

मी डोमाकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. या वेळी आडवा आला नाही.

तार तीच, कुलूप तेच, पण मला भोकच दिसेना. कितीदा तरी चुकलो. उघडल्यावर ठमाबाईनं तो हात मांडीवर घेतला, आणि साल निघालेल्या मनगटावर हळूहळू फुंकर घालत बसली.