मशिदीच्या कमानीतला उकळता दगड

जुन्या मशिदीच्या पडक्या अंगणात अख्खं म्वांबानी गाव लोटलं होतं. मासळीच्या टोपल्या किनाऱ्यावर तशाच राहिल्या आणि मांजरांची चंगळ झाली. जिन्नांशी बोलतो म्हणून स्वतःला 'प्रोफेसर' म्हणवणाऱ्या न्गुरुमोने मक्केकडच्या भिंतीतल्या कमानीपाशी एक पांढरा खडा ठेवला, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. खडा फुसफुसला, तडकला, वाफा सोडत फुगला.

"जिन्न खवळलाय!" प्रोफेसर गरजला. "या कमानीखाली सुलतानाचं सोनं आहे. नऊ रांजण! पाडा भिंत!"

"नऊच कशावरून?" कुणीतरी विचारलं.

"तो मोजून सांगतोय. मध्ये बोलू नका, त्याची मोजणी चुकते."

म्शामू कोळ्याने पहार उचलली. त्याच्यामागे आणखी सहा पहारी उठल्या. तेवढ्यात अवशेषांचा म्हातारा राखणदार शोमारी कमानीसमोर आडवा पडला.

"अरे, सातशे वर्षं उभी आहे ही भिंत!"

"बाबा, उठा. एक रांजण तुम्हाला," म्शामू म्हणाला.

"मला भिंतच हवी."

एवढ्यात म्वानाहावा गर्दीतून पुढे आली; गाव तिला मानाने 'बी', म्हणजे बाई, म्हणे. खाडीकाठी तिची भट्टी होती. प्रवाळाचे दगड भाजून ती चुना करी, आणि याच भिंतींच्या भेगा तीस वर्षं बुजवत आली होती. तो खडा बघताच तिला हसू फुटलं. मग पहारी दिसल्या आणि ती म्शामूच्या आडवी गेली.

"म्शामू, जरा दम धर. सोनं काय पळून जातंय?"

ती धावतच घरी गेली आणि खड्यांनी भरलेली टोपली, घमेलं, पाच अंडी घेऊन आली. घमेल्यात पांढरे खडे, त्यांच्यात अंडी, वरून तांब्याभर पाणी. घमेलं खदखदू लागलं. बायका किंचाळून मागे सरल्या.

"बघा, माझ्याकडे टोपलीभर जिन्न!"

"ते... ते त्याचे पुतणे आहेत," प्रोफेसर म्हणाला.

"पुतणे? मी स्वतः भाजलेत त्यांना! परवा संडास रंगवायला म्हणून माझ्याकडून कळीचा चुना कोण घेऊन गेलं, भाऊ?"

प्रोफेसरने बाटली काखेत मारली आणि बोलता बोलता दोन पावलं मागे सरकला.

म्वानाहावाने एक अंडं धुऊन, सोलून म्शामूला दिलं. छान शिजलं होतं.

"दगड भाजला की त्यातला वायू उडून जातो. मग पाणी पडलं की तो असा तापतो, फुगतो. कुणीही करावं. आणि या कमानीवर दरवर्षी धो धो पाऊस पडतो. उकळली कधी?"

"कध्धीच नाही!" शोमारी जमिनीवरून ओरडला.

"मी या भिंतींना चुना लावते. हा तुम्हाला लावत होता!"

हशा पिकला. प्रोफेसर मागच्या भगदाडातून पसार झाला.

"पण बी," म्शामू अंडं चावत म्हणाला, "खाली सोनं असलंच तर?"

"मला माहीत नाही. माहीत आहे म्हणणाऱ्याला आधी विचार, तुला कसं कळलं? ते त्याला आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा करून दाखवायला सांग. पटेपर्यंत पहार खाली. भिंत एकदा पडली की मागून सुचलेली अक्कल ती उभी करत नाही."

म्शामूने पहार खांद्यावर टाकली. बाकीचेही निघाले. शेवटची पहार नजरेआड झाली, तेव्हाच शोमारी उठून बसला.