माझे राहिलेले एक मिनिट

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुमच्यासमोर एक लोखंडी शंख आहे असे समजा. फुटबॉलपेक्षा थोडा लहान, काळपट, उचलला तर हात खाली ओढणारा. त्याला दोन तोंडे आहेत. एका तोंडात बोट घाला. आत पाकळ्यांचे एक चाक लागेल. ते फिरवून पाहा. फिरत नाही ना? तो मी. मी एक जुना टर्बो आहे, आणि माझे चाक का फिरत नाही हीच माझी गोष्ट आहे.

गाडीचे इंजिन हवा आत घेते आणि धूर बाहेर टाकते. तो धूर एरवी वायाच जातो. मी त्याच धुराच्या झोतावर माझे एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त जोर. एवढेच माझे काम.

मला एका ट्रकसाठी ओतले होते. ट्रकचे इंजिन मोठे, त्याचा धूर मोठा, म्हणून माझी चाकेही मोठी आणि जड. बरीच वर्षे मी त्या ट्रकबरोबर राबलो. मग ट्रक मोडीत निघाला आणि मी भंगाराच्या ढिगात पडलो. तिथे एका मिस्त्रीने मला उचलले, बोटाने चाक फिरवले आणि म्हणाला, "अरे, जीव आहे की याच्यात!"

मिस्त्रीची बायको नर्स होती. तिचे हॉस्पिटल डोंगरावर होते आणि घरची गाडी लहानशी. उभ्या चढावर ती गाडी मध्येच बसायची. म्हणून मिस्त्रीने मला त्या इंजिनावर चढवले. बोल्ट आवळले त्याच्या बहिणीने. तीही त्याच गॅरेजात काम करायची. सगळे तिला आत्या म्हणत. शेवटचा बोल्ट आवळताना तिने भावाकडे एकदा पाहिले. बोलली काही नाही.

मिस्त्रीच्या मुलीला वर्गातली सगळ्यात लहान म्हणून टिल्ली म्हणत. मागच्या सीटवरून तिचा आणि बापाचा एक खेळ चाले. चढ आला की तो ओरडे, "टिल्ले, मोज!" आणि पेडल दाबे. लहान इंजिनाचा धूर तो केवढा! माझे जड चाक जागे व्हायला वेळ लागे. टिल्ली मोजे, "एक… दोन…" आणि दोनला मी शीळ घालून उठे. गाडी झेप घेई. टिल्लीची पाठ सीटला चिकटे आणि ती खिदळत सुटे. ते खिदळणे मला माझेच कौतुक वाटे.

डोंगरावर पोचल्यावर मिस्त्री लगेच किल्ली फिरवत नसे. "धावून आलेल्या माणसाला लगेच आडवं करतात का? याला दम खाऊ दे," असे म्हणून तो इंजिन तसेच चालू ठेवी. टिल्ली साठ आकडे मोजे. त्या एका मिनिटात माझ्या तापलेल्या दांड्यावरून तेल वाहत राही आणि मी निवत जाई. मित्रांनो, ते मिनिट मिळाले नाही, तर थांबलेले तेल तिथेच जळते आणि त्याचा कोळसा होतो.

एके दिवशी दुपारी बापलेक आईला आणायला निघाले होते. चढावर पुढे विटांनी भरलेला ट्रॅक्टर होता. मिस्त्रीने गाडी बाजूला काढली. "मोज गं!"

"एक…" आणि टिल्लीला उचकी लागली. "…दोन!"

मी उठलो. पण तोवर वळण आले होते आणि वळणावरून बस येत होती. अर्धा आकडा आधी उठलो असतो, तर आम्ही पार झालो असतो. अर्धा आकडा उशिरा उठलो असतो, तर त्याने माघार घेतली असती. मी नेमका तेव्हाच उठलो. मिस्त्रीने गाडी डोंगराच्या अंगाला, खडकावर घातली.

टिल्लीचा गुडघा खरचटला. मिस्त्री पुन्हा गॅरेजात आला नाही.

इंजिन धक्क्याने बंद पडले होते. मी लाल तापलेला होतो आणि माझे मिनिट मोजायला कुणी नव्हते. तेल जागच्या जागी जळाले. माझे चाक तिथेच अडकले ते आजतागायत.

आत्याने गाडीचा पत्रा सरळ केला आणि तिच्यावर ताडपत्री घातली. मला काढून फळीवर ठेवले. दोन वर्षे गेली. शटर वर केले की वारा माझ्या तोंडावरून जाई आणि बारीक शीळ वाजे. अगदी तशीच. एकदा टिल्लीची आई डबा घेऊन आली होती. शीळ ऐकून ती उंबऱ्यातच थबकली, डबा खाली ठेवला आणि आल्या पावली परत गेली.

टिल्लीने मोजणे सोडले होते. पाढे लिहून दाखवी, पण म्हणत नसे. लपाछपीत तिच्यावर राज्य आले की घरी निघून जाई. आणि गाडीत तर ती बसेचना. आईने हात धरून बसवायला पाहिले, तरी नाही. शाळा सुटली की ती गॅरेजात येऊन स्टुलावर चढे, तोंड माझ्या तोंडाला लावी आणि पुटपुटे, "मला उचकी लागली, म्हणून दोन उशिरा आलं. म्हणून बाबा…" पुढचे तिला म्हणवत नसे. मला तोंडे दोन, पण बोलायला एकही नाही. मी तिला कसे सांगणार, की उशीर माझा होता?

मग डोंगरावर जाणारी बस बंद झाली. आई गॅरेजात आली आणि ताडपत्रीकडे न बघता म्हणाली, "वन्सं, गाडी लागणार मला. पण पाय ठेवला की निघाली पाहिजे. वाट बघायला लावणार असेल, तर आत्ताच मोडीत घाला. मी बसणार नाही."

गॅरेजात लेथवर काम करणारे चष्मेवाले काका होते. ते म्हणाले, "मोठा एक नको ना? मग दोन लहान बसवू. चार सिलिंडर, दोन-दोन सिलिंडरना एकेक. जुळ्या टर्बोची गाडी! लोक बॉनेट उघडून बघतील."

"लोकांचं काय घेऊन बसलात, दवाखान्यात ताटकळणाऱ्यांचं बघायचंय," आत्या म्हणाली. "इंजिन मुठीएवढं आणि थाट बघा! त्याची फुंकर ती केवढी, त्यात दोन वाटेकरी. नळ्या दुप्पट, तेल गळायच्या जागा दुप्पट."

"अगं, दोन म्हणजे दुप्पट जोर!"

"मग चष्मे पण दोन लावा, दुप्पट दिसेल."

काका तोंड पाडून बसले. आत्याने टिल्लीला हाक मारली. "ये इकडे. तूच ठरव. जाड कागदाची भिरभिरी कर. एक मोठं, तीन लहान."

टिल्लीने ती केली. आत्याने तिला एक रबरी नळी दिली. "चढाच्या सुरुवातीला गाडी हळूच फुंकते, तशी फुंक. सगळ्यांना सारखी."

आधी दोन लहान भिरभिरी. आत्याने नळीला दोन फाटे जोडले. फुंकर वाटली गेली. दोन्ही भिरभिरी डुगडुगली, मग कशीबशी फिरली. मग एकच लहान. ओठ नळीला लागले न लागले तोच ते गरगरले. काकांनी हार मानून मान डोलावली.

"आता मोठं," आत्या म्हणाली, आणि टिल्ली फुंकू लागल्यावर मोजू लागली. "एक… दोन…"

दोनला मोठे भिरभिरे हलले. टिल्लीच्या हातातून नळी गळून पडली. तिचा चेहरा पांढरा झाला.

"काय गं?"

"मला उचकी लागली होती," टिल्ली म्हणाली. दोन वर्षे मलाच सांगितलेले ते सगळे तिने आत्याला सांगितले. मग ती हमसून रडू लागली.

 आत्याने नळी उचलून स्वतःच्या तोंडाला लावली. "काका, मोजा. भरभर."

काकांनी भरभर मोजले. भिरभिरे आपल्या वेळेलाच हलले. मग सावकाश मोजले. तरी तेवढ्याच वेळाने. मग मोजलेच नाही. तरी तेवढ्याच.

"बघितलंस? तू शंभर मोज नाहीतर गप्प बस, जड चाक त्याच्याच वेळेला उठतं," आत्या म्हणाली. "माझ्या भावाला मोठ्या वस्तूंची हौस. तो टर्बो या इंजिनाला मोठा होता. मला ठाऊक होतं टिल्ले. बोल्ट मीच आवळले, आणि बोलले नाही. दोन वर्षं मी त्या फळीकडे बघत नाही, ते उगाच नाही."

काका चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. टिल्लीने नाक पुसले आणि आत्याचे ग्रीसने माखलेले बोट घट्ट धरले.

एक की दोन यावर एवढा वाद झाला, आणि खरा प्रश्न होता केवढा, हा. तो आधी कुणी विचारला असता, तर! मित्रांनो, हे आठवले की माझ्या अडकलेल्या चाकात आजही काहीतरी करकरते. आपल्या डोळ्यांना चूक दिसली, तर बोल्ट आवळण्याआधी बोला. यंत्राला बोलायला तोंड नसते. त्याच्या वतीने कुणाला तरी बोलावे लागते.

इंजिनाच्या मापाचा एकच लहान टर्बो बसला. पहिल्या दिवशी आई स्टिअरिंगपाशी बसली. टिल्ली गाडीच्या दाराशी उभी राहिली, मग पळत गॅरेजात गेली आणि मला छातीशी धरून धापा टाकत आली. मला मागच्या सीटवर ठेवून तिने माझ्याभोवती पट्टा लावला आणि शेजारी बसली. 

चढ आला. आईने श्वास रोखून पाय ठेवला. टिल्लीने तोंड उघडले, पण तिचा "ए" बाहेर पडायच्या आत गाडी निघाली होती. ते वळण आले. आई ओठ घट्ट मिटून हळू गेली. मागे राहिलेल्या खडकाकडे टिल्लीने मान वळवून पाहिले. मीही तिकडेच बघत होतो.

वर हॉस्पिटलच्या अंगणात आईने हात किल्लीकडे नेला.

"आई, थांब," टिल्ली म्हणाली.

तिने आपला तळवा माझ्या थंडगार पाठीवर ठेवला आणि दोन वर्षांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. दोनला ती अडखळली नाही. साठ झाल्यावर ती म्हणाली, "आता कर बंद."