बारकीने आणलेले बूट

बारकी राहायला येणार म्हटल्यावर वहिनीने मनातल्या मनात एक आठवडा धरला होता. बारकी तिची नणंद. तिच्या इमारतीत पाण्याचे जुने पाइप उखडून नवे टाकायचं काम निघालं होतं. भिंती फोडल्या होत्या आणि तिच्या एकुलत्या एक खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. "मग ये की आमच्याकडे," असं वहिनीच फोनवर बोलून गेली. बोलायला काय जातं? पण दुसऱ्याच दिवशी बारकी दोन पिशव्या, गुंडाळलेली गादी आणि चार जोड बूट घेऊन खरोखरच दारात उभी राहिली, आणि आत येताना सवयीने मान खाली घालून आली.

भावंडांत धाकटी म्हणून लहानपणी पडलेलं नाव होतं ते. पुढे बारकी अशी काही उंच झाली की थोरला भाऊ तिच्या खांद्याला लागायला लागला. नाव मात्र तेच राहिलं. नोकरी पाण्याचे मीटर वाचायची. दिवसभर घरोघर, जिने चढा, जिने उतरा, तळघरात वाका. एवढं चालून पोट भरत नाही म्हणून की काय, सकाळी उजाडायच्या आत ती पळायलाही जायची.

घर लहानच. एक खोली नवराबायकोची, दुसरी लेकीची, आणि तिची परीक्षा जवळ आलेली. त्यामुळे बारकीची गादी पुढच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या वाटेवरच पडली. खुर्चीच्या पाठीवर तिचे ओले मोजे वाळायचे. दारात तिचे बूट कुणाच्या ना कुणाच्या पायात यायचे. वहिनी काही बोलत नव्हती, पण न बोलणंही बारकीला ऐकू जाईल इतक्या जोरात भांडी ठेवत होती.

वहिनीचं स्वतःचं पार्लर होतं, एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत. कोपऱ्यावरचा गाळा, दोन खुर्च्या, एक बेसिन. मैत्रीण चेहरा आणि नखं बघायची, वहिनी केस. केस कापणाऱ्या बाईला बसून काम करता येत नाही. सकाळी उभी राहिली की संध्याकाळी शटर ओढेपर्यंत ती उभीच. गेले काही महिने तिची उजवी टाच दुखत होती. दिवसा कशीबशी निभायची, पण सकाळी अंथरुणातून उतरून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखी कळ थेट पोटरीत जायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, थोडे दिवस सुट्टी घे. आणि गिऱ्हाइकाचे केस काही तिच्या सुट्टीसाठी वाढायचे थांबणार नव्हते.

एका संध्याकाळी बारकीने जेवणाच्या टेबलावर एक खोकं आणून ठेवलं.

"वहिनी, हे बघ गं. पळायचे बूट घेतले होते, मला घट्ट होतायत. दुकानदार परत घेत नाही. तुला होतील बहुतेक."

खोक्यावरचं नाव कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. ते म्हणायचं कसं यावरच नवऱ्याचा आणि लेकीचा वाद झाला. शेजारी धावणाऱ्या सशाचं चित्र होतं, पण ससा बसलाय की धावतोय ते कळत नव्हतं. आतले बूट पोपटी, नाड्या नारिंगी.

"आई, हे घालून तू रस्ता ओलांडलास तर सिग्नलची गरज नाही," लेक म्हणाली.

"कुठली कंपनी आहे ही?" नवऱ्याने बूट उलटा करून बघितला.

"छोटी आहे, दादा. जाहिरात करत नाहीत, म्हणून परवडतात. मी याच कंपनीचे घालून वर्षभर जिने चढलेय. रोजच्या वापराला एक नंबर."

वहिनीने खोकं बंद केलं. "ठेव तिथे, बघते सवडीने," ती म्हणाली. मनात मात्र आलं, स्वतःला नको झालेलं आता माझ्या गळ्यात. रात्री झाकपाक करताना तिने ते खोकं कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे ढकललं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पार्लरमध्ये एका समूहगानाच्या मंडळाची मोठी ऑर्डर आली. कार्यक्रम संध्याकाळी, आणि त्याआधी सगळ्याजणींची केशरचना. त्या सकाळी वहिनी उठली आणि पहिल्या पावलालाच मटकन खाली बसली. कशीबशी भिंत धरून स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि स्टुलावर बसून राहिली. आजचा अख्खा दिवस डोळ्यांपुढे आला आणि तिला रडूच येईल असं वाटायला लागलं. बारकी पळायला गेलेली, बाकीचे झोपलेले. चहा उतू गेला. तो पुसून तिने स्टूल उचललं, कपाटाशी नेलं आणि खोकं खाली काढलं.

पाय आत सहज गेला. बोटांना पसरायला ऐसपैस जागा होती, टाच मात्र मागून नीट धरून ठेवलेली. तळ मऊ होता, पण गादीसारखा नव्हे. पाय टाकला की थोडा दबायचा आणि मग खालून कुणी हात दिल्यासारखा वर यायचा. नाड्या फाजील लांब होत्या, दोनदा गाठ मारावी लागली. ती स्वयंपाकघरात चार फेऱ्या मारून आली. कळ होती, पण तिची धार बोथट झाली होती.

पार्लरमध्ये शिरताच मैत्रिणीने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "आज कुणाच्या मागे लागायचंय?"

"तुझ्याच. आधी पाणी तापव."

मंडळातल्या बायकांनीही बुटांची यथेच्छ थट्टा केली. दुपारी बेसिनपाशी सांडलेल्या पाण्यावर त्यांचा एक दोषही कळला. ओल्या फरशीवर तळ धरत नव्हता. वहिनीचा पाय सटकला, तिने फिरती खुर्ची पकडली, आणि खुर्चीतली जाडजूड गायिका डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत अर्धी गिरकी घेऊन भिंतीकडे तोंड करून थांबली. "मला इकडून गायचंय का?" तिने शांतपणे विचारलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने बेसिनपाशी रबरी चटई आणून टाकली.

शेवटची बाई गेली आणि केर काढताना वहिनीच्या लक्षात आलं की आज आपण मध्येच बसायला विसरलो. एरवी दुपारनंतर ती काही ना काही निमित्त काढून खुर्चीच्या हातावर टेकायची. पाय थकले होते, पण ते प्रामाणिकपणे थकले होते, सगळ्या अंगाबरोबर. घरी येताना ती बाजाराच्या लांबच्या रस्त्याने आली, उगीचच.

दारात बूट काढून तिने ते कडेला, बारकीच्या बुटांशेजारी ठेवले. आणि तशीच वाकलेली राहिली. बारकीचे बूट म्हणजे दोन होड्या. त्यांच्या शेजारी हे पोपटी म्हणजे शाळकरी पोरीचे वाटत होते. घट्ट होण्याचा प्रश्नच नव्हता. बारकीचा पाय यात निम्मासुद्धा शिरला नसता. आणि हिचं रोज बुटांशी काम. स्वतःचं माप घेण्यात ती इतकी चुकणं शक्यच नव्हतं.

वहिनी त्या रात्री काही बोलली नाही. पण भांडी मात्र हळू ठेवली.

पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी तिने बारकीला गाठलं. "चल, तुझे केस बघू. झाडूसारखे झालेत."

"नको गं, रबर लावते की मी."

"चल म्हटलं ना."

शटर अर्धंच वर करून दोघी आत गेल्या. वहिनीने तिला बेसिनशी बसवलं, मानेखाली टॉवेल दिला आणि कोमट पाणी सोडलं. बारकीचे पाय खुर्चीच्या किती तरी पुढे गेले होते. डोक्याला बोटं लागली तशी तिने डोळे मिटले.

"बारके," वहिनी फेस करता करता म्हणाली, "माझ्या मापात तुझा पाय कधीपासून मावायला लागला?"

बारकी डोळे न उघडता म्हणाली, "कळलं होय."

"कळणारच. पण खोटं कशाला?"

"तू घेतले नसतेस. तुझ्यासाठी आणलेत म्हटलं असतं तर, कशाला खर्च केलास, मला काय झालंय, असं म्हणून दुसऱ्या दिवशी परत द्यायला लावले असतेस."

हे खरंच होतं. वहिनी पाणी ओतत राहिली.

"पण तुला कळलं कसं? मी तर घरात कुणाला बोलले नाही."

"मी जमिनीवर झोपते, वहिनी. मला सगळ्यांचे पायच दिसतात. दादा पाय घासत जातो. पोरगी धावत जाते. आणि तू येतेस ती चवड्यांवर, एका हाताने भिंत धरून. आणि माझ्या गादीपाशी आलीस की भिंत सोडतेस, नीट चालायला लागतेस, मी जागी असले तर दिसू नये म्हणून. रोज."

वहिनीचा हात थांबला. इतक्या वर्षांत तिने हजारो डोकी धुतली होती, पण कुणी आपल्याकडे इतकं निरखून बघत असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने नळ मोठा केला. नळाच्या आवाजात तिला जरा सावरता आलं.

"बरं केलंस," ती शेवटी म्हणाली. "फार बरं केलंस गं. मी मेली तुझ्या नावाने भांडी आपटत होते."

"ऐकत होते की. पण चहा दोन वेळा देत होतीस."

केस पुसून तिने बारकीला आरशासमोर बसवलं. कात्री सुरू झाली. ओल्या बटा खांद्यावरून खाली पडू लागल्या तशी बारकी आरशातून तिच्याकडे बघत म्हणाली, "मी अजून एक खोटं बोललेय. खोली केव्हाच तयार झालीये. पाइप बसले, रंगही झाला. पण तिथे रात्री गेलं की बोलायला कुणी नसतं. इथे निदान पोरगी पाठांतर करताना ऐकू येते."

वहिनीने तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली. "मान खाली घे. हलू नकोस, तिरपे कापले जातील."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "बारकी अजून महिनाभर इथेच आहे. पाइपांचं काम लांबलंय."

"असं? मी परवा त्या बाजूने गेलो होतो. काम तर संपलेलं दिसत होतं."

"तुम्हाला काय कळतंय पाइपांतलं."

नवऱ्याने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा छान केस कापलेल्या बहिणीकडे, आणि "तेही खरंच," म्हणून पेपर पुढे ओढला.

पुढे बारकीच तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, टाचेखालची शीर ताणली गेलीये. बूट चांगले आहेत, पण नुसत्या बुटांनी भागणार नाही. त्यांनी पोटऱ्यांचे व्यायाम दिले आणि गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली. बारकीला तिला पळायलाही न्यायचं होतं, पण डॉक्टर म्हणाले, दुखणं थांबेपर्यंत अजिबात नाही. वहिनी निमूटपणे सगळं करत गेली. चुकारपणा केला की बारकी गादीवरूनच ओरडायची, "बाटली." हळूहळू सकाळचा खिळा बोचायचा थांबला. एक दिवस वहिनी अंथरुणातून उठून सरळ स्वयंपाकघरात गेली, आणि चहा गाळताना तिला आठवलं की आपण भिंत धरलीच नाही.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर दोघी नदीकाठच्या रस्त्यावर गेल्या. आधी बराच वेळ चालल्या. मग बारकी म्हणाली, "आता त्या तिसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत, हळू. तुला बोलता आलं पाहिजे इतकं हळू."

वहिनी शाळा सुटल्यापासून पळाली नव्हती. बससाठीसुद्धा नाही. पहिली काही पावलं ती पळतेय की घाईने चालतेय हे तिचं तिलाच कळेना. मग कुठे तरी दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटले, अगदी निमिषभर, आणि खाली आले तेव्हा दुखलं नाही. तिला हसू फुटलं. हसता हसता धाप लागली, तरी ती थांबली नाही. खांब आला, गेला, आणि पुढच्या बाकाशी जाऊन ती धपकन बसली.

"कसं वाटलं?" बारकीने विचारलं.

"अंग हलकं झालं गं," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने आलं असं बारकीने मानून घेतलं, आणि तिला तिथेच बसू दिलं.

लेकीची परीक्षा झाल्यावर बारकी आपल्या खोलीवर परत गेली. जायच्या दिवशी सगळ्यात जास्त कुरकुर वहिनीनेच केली. तिने डबा भरून दिला, उशी दिली, आणि गादी ठेवायला लावली, परत यायची म्हणून. आता दर रविवारी सकाळी दोघी आपापल्या घरून निघतात आणि मधल्या पुलावर भेटतात. बारकीला यायला बहुतेक वेळा उशीर होतो. पूर्वी वहिनी कठड्याला टेकून वाट बघत बसायची. परवा मात्र बारकी लांबूनच दिसली, सगळ्या माणसांत उठून दिसणारी, तेव्हा वहिनीने एकदा नाड्या घट्ट केल्या आणि तिच्या दिशेने पळायला सुरुवात केली.