साळवी सरांची तांब्याची पट्टी

साळवी सरांचं नाक भरसभेत कापलं जावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. देवाकडे मागण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून मागितली नाही. मनात मात्र रोज घोकली.

सर आमच्या शाळेचे हेडमास्तर, मी विज्ञानाची शिक्षिका. शाळा सावर्ड्यापासून बरीच आत. दहावीच्या पोरांना अणूंचे बंध कळेनात, तेव्हा मी एक प्रयोग बसवला. ओढ्यातली गारगोटी हातोडीने ठोकायची. तिच्या ठिकऱ्या उडतात, कारण तिच्यातला प्रत्येक अणू शेजाऱ्याशी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन एका जागी जखडलेला असतो. जागा सोडली की बंध तुटला. मग तांब्याची पट्टी ठोकायची. ती चपटी होते, वाकते, फुटत नाही. तांब्यातले बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतात, सगळ्यांचे मिळून असतात. म्हणून थर सरकले तरी बंध सुटत नाही. भातलावणीला अख्खी वाडी एकमेकांच्या शेतात राबते तसं, म्हटलं की पोरं माना डोलवायची.

सरांनीही मान डोलवली, आणि तालुक्याच्या प्रदर्शनात प्रयोग स्वतःच्या नावावर मांडून पहिला नंबर आणला. माझी ओळख करून दिली ती 'सामान सांभाळणाऱ्या बाई' अशी. बदलीच्या भीतीने मी गप्प बसले. पुढच्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, रत्नागिरीच्या जिल्हा प्रदर्शनासाठी पाटी रंगवून आली. तिच्यावरही एकच नाव.

"सर, माझंही नाव हवं," मी या वेळी तोंड उघडलं.

"बाई, पाटीवर जागा कुठे आहे?" ते हसले.

त्या हसण्याने माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

एक गोष्ट सरांना ठाऊक नव्हती. तांबं सारखं ठोकलं-वाकवलं की आतले थर एकमेकांत अडकतात, सरकेनासे होतात. पट्टी कडक होते आणि शेवटी मोडते. लाल होईपर्यंत तापवली की पुन्हा मऊ. दर प्रयोगानंतर मी ती माझ्या घरमालकिणीच्या, गोदाच्या चुलीत घालत असे. सर कपाटातून मऊ पट्टी उचलत आणि तांब्याचा स्वभावच तसा, असं समजत. प्रदर्शनाआधी त्यांनी वर्गात रोज तालीम केली. मी पट्टीला हात लावला नाही.

"मालन, पट्टी नाय तापवलीस गो?" गोदाने विचारलं.

"नाय. ज्याचं नाव पाटीवर, तोच तापवंदे."

रत्नागिरीला मी स्वतःच्या खर्चाने एसटीने गेले. परीक्षक होत्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या इशरत काझी मॅडम. सरांनी गारगोटी फोडली, टाळ्या घेतल्या. मग पट्टी ठोकून दोन्ही हातांत धरली. "आणि धातू कधीच मोडत नाही!" असं म्हणत त्यांनी ती वाकवली.

कट्‌कन दोन तुकडे झाले. मागची पोरं फिदीफिदी हसली. मला इतका आनंद झाला की पदराने तोंड झाकावं लागलं.

"का मोडली, सर?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

सरांनी दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. "त्या मालनबाईंना विचारा! प्रयोगाची सगळी तयारी त्याच करतात. पहिल्यापासून त्यांचंच काम आहे हे!"

जे नाव पाटीवर मावत नव्हतं, ते सरांनी अख्ख्या सभागृहाला ओरडून सांगितलं. तेही माझ्यावर खापर फोडायला.

मी उठले. "होय मॅडम, पहिल्यापासून माझंच काम आहे."

चहावाल्याचा स्टो मागून घेतला. चिमट्यात धरून एक तुकडा लालभडक केला, पाण्यात बुडवला आणि सगळ्यांदेखत बोटाभोवती गुंडाळला. पुन्हा सरळ केला.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "आता हा मऊ का झाला?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. सर माझ्याकडे डोळ्यांनी याचना करत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

मी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"पाटीवर नाव सरांचं आहे, मॅडम. आधी ते सांगतील. त्यांना नाही आलं, तर मी सांगते."

आणि पहिल्या रांगेत, त्यांचा चेहरा नीट दिसेल अशी खुर्ची बघून मी बसले.