बाटली गार होईपर्यंत

"बाबा, बाटली फ्रीजमध्ये नका ठेवू," मुलगा म्हणाला. "आज भरायची नाहीये."

मिस्त्री फ्रीजचं दार धरून तसाच उभा राहिला. खालचा कप्पा त्याने सकाळीच रिकामा केला होता. दर रविवारी हे असंच असे. मुलाला गाडी शर्यतीत पळवायचा नाद होता आणि इंजिनाला जादा जोर यावा म्हणून तो नायट्रस वायू वापरायचा. त्याची छोटी बाटली भरायचा मोठा सिलिंडर मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये होता. बाटली आधी चांगली गार केली तरच वायू तिच्यात नीट उतरतो, म्हणजे तासभर बसणं आलं. त्या तासात बापलेक बोलायचे. पंप लावला तर काम पाच मिनिटांचं होतं, पण पंप घ्यायचं मिस्त्रीने कधी नाव काढलं नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं कोण?

"का? संपली नाही?"

"संपायला काय, चारदा बटण दाबलं की रिकामी. कंटाळलो मी." मुलाने डिकीतून एक खोकं काढलं. "दर वेळी इथवर गाडी हाकत यायचं. थंडी पडली की हिचा दाब उतरतो, मग हिला ऊब देत बसा. संपते ती नेमकी शेवटच्या फेरीला. वर पेट्रोल जरा कमी पडलं की पिस्टन वितळलाच. मागचा तुम्हीच बदललात ना?"

"बदलला."

त्या पिस्टनपायी मुलगा चांगला तीन दिवस राहिला होता. तेव्हा मिस्त्री शीळ घालत काम करायचा. शेजारचा टायरवाला म्हणालाही होता, "काय हो, मुलाची गाडी बिघडलीये आणि तुम्ही लग्न ठरल्यासारखे खुशीत."

खोक्यात टर्बो होता. जोर तोही वाढवतो, पण इंजिनाच्याच धुरावर फिरतो, भरायची कटकट नाही.

"बसवून द्याल ना? दुसऱ्या कुणाच्या हातचं काम मला पटत नाही."

"दोन दिवस लागतील."

"मग राहतो की."

ते दोन दिवस भुर्रकन गेले. दोघं एकाच दिव्याच्या उजेडात बॉनेटखाली वाकले, एकाच ताटलीतून जेवले, एकमेकांच्या चुका काढून हसले. मुलगा झोपेत अजूनही दात खातो, हे मिस्त्रीला नव्याने कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टर्बोला तेल पोचवणाऱ्या नळीचा नट तेवढा राहिला होता. मुलगा आत हात धूत होता. नट जरासा सैल सोडला की तेल ठिबकणार आणि आठवड्याच्या आत गाडी पुन्हा दारात. मनात हे आलं आणि मिस्त्रीला स्वतःचीच लाज वाटली, तरी पाना धरून तो बसून राहिला. त्याला मुलगा हवा होता. एवढी साधी गोष्ट, पण तोंडातून निघत नव्हती. तापलेल्या टर्बोवर तेल सांडलं तर गाडी पेटायला वेळ लागत नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने नट आवळला. मग पुन्हा एकदा पाना लावून पाहिला.

मुलगा एक फेरी मारून आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"एकदम झकास. बाबा, आता दर रविवारचा ताप गेला तुमचा."

"ताप कसला त्यात."

"नाही कसा? सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी राबायचात."

"येत जा अधूनमधून," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "निदान तेल बदलायला."

"त्याला इथवर कशाला? आमच्या कोपऱ्यावरचा देईल की बदलून. तुम्ही आराम करा आता."

मुलाने पाठीवर थोपटलं आणि गाडी काढली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी मिस्त्री फाटकाशी थांबला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. कुठे अडखळतेय का, कुठे खरखर येतेय का, काहीतरी चुकलेलं सापडतंय का म्हणून आवाज विरेपर्यंत तो कान देऊन ऐकत होता. काम चोख झालं होतं.