एवढा मोठा हातमोजा कुणासाठी?

"अगं, ऐकलंस का? डेल्फीन म्हणे नोव्हेंबर संपायच्या आत त्या आन्सेल्मच्या—"

एवढंच ऐकू आलं. वाऱ्यानं दार धाडकन आपटलं आणि शेजारच्या रोझालीचं, दुसऱ्या बाईला सांगत असलेलं, उरलेलं वाक्य बाहेर पायरीवरच राहिलं. आन्सेल्मच्या काय? घरी जाणार? गळ्यात पडणार?

मी हातमोजा बोलतोय. उजवा. अंगठ्याला वेगळी खोली आणि उरलेल्या चौघांना मिळून एक, असा जाड लोकरीचा. तेव्हा मात्र मी मोजा नव्हतो. डेल्फीनच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीवर टांगलेला स्वेटर होतो, तिच्या नवऱ्याचा, सिरिलचा. सिरिलला जाऊन आठ वर्षं झाली, पण मला कुणी हलवलं नाही. त्यामुळे या घरातलं माझ्या कानावर आलं नाही असं काही नाही. मी चौकस नाही हं. पण दारामागेच टांगलं, तर ऐकू येणारच.

आन्सेल्म म्हणजे सिरिलचा मावसभाऊ. स्वतःची लॉबस्टर पकडायची बोट, बायको नाही आणि पंजे वल्ह्याएवढे. "काय वहिनी, चहा आहे का?" करत दर रविवारी यायचा. मासे डब्यात भरायचा कारखाना बंद पडून डेल्फीनचं काम गेलं, तेव्हापासून तर बुधवारीही यायला लागला. यायचा, आणि दारामागे मलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू बोलायचा. बुधवारी एवढं काय असतं?

आणि रोझाली बोलून गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी डेल्फीननं मला खुंटीवरून काढलं, क्षणभर नाकाशी धरलं आणि सरळ उसवायला घेतलं! सिरिलनं वीस हिवाळे अंगावर घातलेला मी, खुर्चीच्या पाठीवर लड होऊन पडलो. चार दिवसांत त्या लडीचे हातमोजे झाले. आणि केवढे! डेल्फीनचा हात कोपरापर्यंत आत गेला असता.

आता तुम्हीच सांगा, या गावात एवढा पंजा कुणाचा? गेलेल्या नवऱ्याचा स्वेटर उसवून दुसऱ्याला मोजे! माझ्या टाक्याटाक्याला संशयाची खाज सुटली.

रोझाली साखर मागायला आली. साखर तिच्या घरी असणारच. तिची नजर टेबलावर होती.

"बाई बाई! कुणाच्या मापाचे गं हे?"

"आटल्यावर कळेल."

"आटून आटून किती आटतील? एकात तुझे दोन्ही हात मावतील."

"मग दुसऱ्यात तुझी जीभ ठेवीन," डेल्फीन म्हणाली. "साखर किती हवी?"

शनिवारी ती मला पिशवीत घालून दुकानात गेली. दुकानदारानं आधी एक झुळझुळीत निळं जाकीट काढलं. "बाई, थेंब आत जायचा नाही." डेल्फीननं बाहीला तोंड लावून फुंकर मारली, ती सरळ पलीकडे गेली. शिवण उलटी करून बघितली, तर नुसती सुईची भोकं. "हे चर्चला जायला ठीक आहे," म्हणत तिनं जाडजूड पिवळा रबरी कोट उचलला, छातीपर्यंत येणारी तसलीच विजार आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. सुती बनियनना तर तिनं हातही लावला नाही. "सुती एकदा भिजलं की अंगाला बर्फ बांधल्यासारखं. लोकरीचे दाखवा."

"हातमोजे रबरी देऊ?"

"नकोत. आत घाम साचतो आणि बोटं गारठतात. माझे लोकरीचे आहेत."

हे ऐकून मी जरा ताठ झालो.

"माप काय?"

"पुरुषांत सगळ्यात लहान, त्याच्यापेक्षा एक मोठं. आत लोकर मावली पाहिजे."

मी पिशवीत चमकलो. त्या विजारीत आन्सेल्मचा एक पायही गेला नसता. म्हणजे तिसराच कुणीतरी आहे की काय?

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी लॉबस्टरचा हंगाम उघडतो. त्याआधीच्या शुक्रवारी, बारीक गारांचा पाऊस पडत असताना, डेल्फीन धक्क्यावर गेली. पिवळा कोट, पिवळी विजार, सगळं स्वतःच्या अंगावर. पुरुष वळून बघायला लागले. मग एकजण ओरडला, "आन्सेल्म, तुझं बदक आलं रे!"

आन्सेल्म हसला नाही. "वहिनी, ठरलंय तेच. तीन दिवस. बोटं गारठून हातातून दोरी सुटायला लागली, तर मी दुसरा माणूस घेणार. तिथं नातं बघणार नाही."

"बघूच नका," डेल्फीन म्हणाली. "दुसरं कामही नाहीये मला."

अच्छा! म्हणजे बुधवारी हे कामाचं बोलणं चालायचं.

मग माझे हाल सुरू झाले. समुद्राच्या पाण्यात बुचकळलं, डेकवर टाकून बुटांनी तुडवलं, इंजिनाच्या गरम नळीवर वाळवलं, पुन्हा बुचकळलं. रविवारपर्यंत हेच. कोळ्यांचे मोजे मुद्दाम मोठे विणून असे आटवतात, हे स्वेटराच्या जातीला काय माहीत? सोमवारी तिनं हात घातला, तर मी तिच्याच बोटांवर नेमका बसलो. मनातल्या मनात मी तिची माफी मागितली.

पहिल्या दिवशी लॉबस्टरचे पिंजरे दोरीनं समुद्रात सोडले, दुसऱ्या दिवशी ओढले. तिसऱ्या दिवशी गारा आडव्या लागत होत्या. ओला असूनही मी ऊब धरून होतो, पण दुपारी तिची बोटं आत जड झाली आणि दोरी हातातून सुटली.

आन्सेल्मनं पाहिलं. तो आमच्याकडे आला. संपलं, मला वाटलं.

त्यानं मला तिच्या हातातून ओढून काढलं, इंजिनाजवळ कोमट झालेल्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, त्या वल्ह्यासारख्या पंजांनी पिळलं आणि तोंड उघडून तिच्यापुढे धरलं.

"घाल, डेल्फीन. अजून चाळीस पिंजरे आहेत."

वहिनी म्हणाला नाही. मी नीट ऐकलं.

तिनं चाळीसच्या चाळीस ओढले. पुन्हा दोरी सुटली नाही, आणि तिचं काम पक्कं झालं.

तेव्हा रोझालीचं वाक्य 'आन्सेल्मच्या बोटीवर जाणार' इथपर्यंत खरं निघालं. गळ्यातबिळ्यात कुणी पडलेलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

आता मी बोटीवरच्या खिळ्यावर असतो. शेजारच्या खिळ्यावर आन्सेल्मचे मोजे. आमचं पाणी एकाच बादलीत ठिबकतं. तुम्ही असल्या हवेत बाहेर पडणार असाल, तर माझं ऐका: फुंकर मारून बघा, शिवण उलटून बघा, आणि आत सुती काही घालू नका.

आणि एक विनंती. हंगामात दोघं रोज बोटीवर भेटतात, तरी तो बुधवारी तिच्याकडे चहाला जातोच. ती दारामागची खुंटी आता रिकामी आहे. तिकडून गेलात तर जरा कान द्या, आणि मला येऊन सांगा.